सस्पेन्शन सुधारलं, पाठीचं काय?

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. संपादक मंडळाने ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्यावं. इंग्रजी विभागात दिला असता तर हा लेख वर्कशॉपच्या मामांनी वाचला नसता, आणि मला तो त्यांनी वाचायला हवाय.

आमच्या विंगमध्ये मॉन्स्टर ट्रकचे व्हिडिओ लागले की मेसची वेळसुद्धा टळते. साडेपाच फुटी टायर, जवळजवळ पाच टनांचं धूड, मिथेनॉलवर चालणारं 1500 हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि हे सगळं हवेत! त्यातला सगळ्यांचा लाडका म्हणजे 'ग्रेव्ह डिगर', अर्थात थडगं खणणारा. काळ्या अंगावर स्मशानाचं चित्र आणि लाल हेडलाइट.

डेनिस अँडरसनने हा ट्रक 1982 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात उभा केला. तेव्हा तो 21 वर्षांचा, म्हणजे माझ्याहून जेमतेम एक वर्षाने मोठा. मूळ गाडी 1951 ची लाल फोर्ड पिकअप, चिखलातल्या शर्यतींसाठी घेतलेली. बाकीचे तिला हसले, तर हा म्हणाला की याच भंगाराने तुमचं थडगं खणतो. तेच नाव पडलं. पुढे एका शोमध्ये गाड्या चिरडायला ठरलेला ट्रक आलाच नाही. अँडरसनने आपला चिखलवाला खटारा पुढे केला. पब्लिक खूश! झालं करिअर सुरू. ना ॲप्टिट्यूड टेस्ट, ना ग्रुप डिस्कशन.

गडी हातचं राखून कधी चालवायचा नाही. 2000 साली त्याने लास व्हेगासला मॉन्स्टर जॅमच्या पहिल्या जागतिक फायनलमधली शर्यत जिंकली, पण लोक येत ते ट्रकची कशी वाट लावतो ते बघायला. चाक निखळलं तर टाळ्या जास्त. मग हाच माणूस गॅरेजमध्ये जाऊन तो पुन्हा उभा करणार.

आता खरा मुद्दा. सुरुवातीचे मॉन्स्टर ट्रक लीफ स्प्रिंगवर चालत. उडी मारली की हाडं खिळखिळी. 1980 च्या दशकाच्या शेवटी बॉब चँडलरच्या 'बिगफूट' टीमने कॉम्प्युटरवर डिझाइन केलेली ट्यूब्युलर चेसिस आणि नायट्रोजनचे शॉक ॲब्सॉर्बर आणले, आणि हळूहळू सगळे त्याच वाटेने गेले. म्हणजे ड्रायव्हरचा त्रास कमी झाला ना? छे! ट्रक जास्त सोसू लागला म्हणून उड्या वाढल्या. समजा ट्रक 6 मीटरवरून सरळ खाली आला आणि टायर-सस्पेन्शन मिळून एका मीटरमध्ये थांबला. गणित करून बघा, ड्रायव्हर सीटवर स्वतःच्या वजनाच्या जवळपास सातपट दाबला जातो, तेही सरासरी धरून. सेफ्टी नाही असं नाही. पट्टे असतात, मानेला आधार असतो, रिमोटने इंजिन बंद करता येतं. पण पाठीच्या मणक्याचं मटेरियल कोण बदलणार?

1998 मध्ये अँडरसनने ग्रेव्ह डिगर एका शो कंपनीला विकला आणि चालवत स्वतःच राहिला. पुढे एकाच रात्री वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळे ग्रेव्ह डिगर पळू लागले. ट्रकच्या कॉप्या निघाल्या. माणसाची निघत नाही. जानेवारी 2017 मध्ये टॅम्पाला मोठा अपघात झाला, तो जबर जखमी झाला आणि त्याच वर्षी त्याने निवृत्ती घेतली. 35 वर्षांचं करिअर तिथे थांबलं. त्याची चारही मुलं मात्र याच धंद्यात उतरली.

रूममेट म्हणते, "त्याने स्वतः निवडलं, पैसा कमावला, तुला काय त्रास?" बरोबर आहे. मलाही तो प्रचंड आवडतो, आणि असलं तुटलेलं हातांनी जोडणं आपल्या चार वर्षांत कितीजण करतात, हाही प्रश्न आहेच (जर्नल तर आपण सिनियरचं उतरवतो!). पण गेल्या महिन्यात वजन कमी म्हणून आमच्या बाहा टीमने मला टेस्ट ड्राइव्हला बसवलं. हॉस्टेलमागच्या टेकडीवरून गाडी उडाली आणि दाणकन आदळली. मी दोन मिनिटं श्वास धरून बसले होते. धावत आलेल्या चौघांचा पहिला प्रश्न, "शॉकअप वाकला का?"

त्यांना दोष देत नाही. मी बाहेर असते तर मीही तेच विचारलं असतं. आमच्या डिझाइन रिपोर्टमध्ये सस्पेन्शनला अकरा पानं आहेत आणि सीटला अर्धं, तेही मीच टाइप केलंय. तीन दिवस मला लेक्चरला सरळ बसता येत नव्हतं. "पोरी, पाठ कशी आहे?" असं पहिल्यांदा विचारलं ते मामांनी.

सीटचं माउंटिंग बदलून खाली डॅम्पिंग पॅड टाकायचं ड्रॉइंग मी काढलंय. मामा म्हणतात, ब्रॅकेट दोन दिवसांत कापून देतो, पण मटेरियल स्लिपवर सरांची सही पाहिजे. सर, स्लिप सोमवारपासून तुमच्या टेबलावर आहे.

– टी. ई. मेकॅनिकल