‘शेवटची परदेशी युद्धनौका’ आणि तिचे इंजिन

१ जुलै २०२५ रोजी रशियातील कालिनिनग्राड येथे ‘आयएनएस तमाल’ भारतीय नौदलात दाखल झाली. लांबी १२५ मीटर, वजन सुमारे ३,९०० टन आणि रडारला सहज न गवसणारी घडण, म्हणजेच स्टेल्थ फ्रिगेट. परदेशात बांधून घेतलेली ही शेवटची युद्धनौका, असे नौदलाने सांगितले आणि तेच वाक्य सर्वत्र मिरवले गेले. इतिहासाच्या अभ्यासकाने त्या वाक्यापाशी थोडे थांबावे. जहाज कोठे बांधले हा दुय्यम प्रश्न आहे. परका कारागीर उठून गेला तर मागे काय उरते, हा खरा.

तमाल आणि तिच्याआधीची तुशील यांचे सांगाडे २०१३ मध्ये रशियाने स्वतःच्या नौदलासाठी मांडले होते. त्यांची गॅस टर्बाइन यायची होती युक्रेनमधील मिकोलायिव्हच्या झोर्या-मशप्रोयेक्त या कारखान्यातून. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया बळकावला, युक्रेनने पुरवठा तोडला आणि जहाजे इंजिनावाचून गोदीत पडून राहिली. २०१८ मध्ये भारताने चार फ्रिगेटींचा करार केला: दोन रशियात, दोन गोवा शिपयार्डमध्ये. टर्बाइन भारताने युक्रेनकडून घेऊन रशियन गोदीच्या हवाली केली. परस्परांशी युद्धात उतरलेल्या दोन देशांचे काम एकाच जहाजात आहे! गोव्यात बांधलेल्या त्रिपुट आणि तवस्य यांचीही टर्बाइन युक्रेनचीच. म्हणजे गोदी बदलली, परावलंबन बदलले नाही.

महाराष्ट्राला हा पेच नवा नाही. १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमार उभारायला घेतले, तेव्हा रुय लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज आपल्या माणसांसह त्या कामावर होता. हे आरमार उद्या आपल्यावरच उलटेल हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ओळखले, आणि त्यांच्या सांगण्यावरून ही मंडळी काम टाकून निघून गेली. बांधणी मात्र थांबली नाही. १६६५ मध्ये महाराज बसरूरच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा इंग्रजांनी ८५ लहान गलबते व ३ मोठी जहाजे नोंदवली. (गंमत म्हणजे त्या लहान गलबतांना इंग्रज कागद ‘फ्रिगेट’च म्हणतात.) लाकूडकाम येथल्या हातांत मुरले. मोठ्या तोफांसाठी मात्र युरोपीयांचे दार ठोठवावेच लागले. त्या काळची तोफ म्हणजे आजची टर्बाइन.

त्याच सुमारास, १६६० च्या पावसाळ्यात, फिरंगोजी नरसाळा चाकणचा संग्रामदुर्ग शायिस्तेखानाविरुद्ध झुंजवत होता. आज तो परिसर मोटारींच्या कारखान्यांचा आहे, आणि या पट्ट्याने परक्या कारागिराचा प्रश्न एकदा नीट सोडवून दाखवला आहे. टेल्कोचा डेमलर-बेंझशी झालेला पंधरा वर्षांचा करार १९६९ मध्ये संपला. तो संपण्यापूर्वीच, १९६६ मध्ये, सुमंत मुळगावकरांनी पिंपरीचा प्रकल्प हाती घेतला होता. तेथे भर आधी कशावर होता? यंत्रे, साचे व हत्यारे घडवण्यावर, संशोधनावर आणि शिकाऊ मुलांच्या प्रशिक्षणावर. आकुर्डीत बजाजचा इटलीच्या पियाजिओबरोबरचा परवाना १९७१ मध्ये संपला, तर १९७२ मध्ये चेतक रस्त्यावर आली. करार संपण्याचा दिवस गृहीत धरून तयारी केली, हे या उद्योगांचे खरे कर्तृत्व. नौदलाच्या इतिहासावर बोलताना त्याची आठवण क्वचितच निघते.

१९७२ हेच वर्ष माझगाव गोदीतील ‘निलगिरी’चे, ब्रिटिश साहाय्याने भारतात बांधलेल्या पहिल्या लिअँडर फ्रिगेटचे. जानेवारी २०२५ मध्ये त्याच नावाची नवी स्टेल्थ फ्रिगेट तेथूनच दाखल झाली. आरेखन भारतीय, पोलाद भारतीय. गॅस टर्बाइन अमेरिकन आरेखनाची. त्रेपन्न वर्षांत गोदी पुष्कळ शिकली, पण जहाजाचे हृदय अजून आयात होते.

आता पुण्याच्या भारत फोर्जने, जिचा एक कारखाना चाकणलाही आहे, झोर्याच्या भारतीय उपकंपनीत ५१ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला आहे. बातमी आनंदाची, पण त्यात टक्केवारीहून महत्त्वाचे काही विचारायला हवे. टर्बाइनची केवळ देखभाल-दुरुस्ती इकडे येणार, की प्रचंड उष्णता सोसणारी पाती ज्या मिश्रधातूंतून ओततात त्यांची विद्याही? मिकोलायिव्हचे अभियंते उद्या परतले, तर इथल्या ओतशाळेत भट्टी पेटवणारे कोण असेल?