पिवळ्या ताटाला युरिया टाकण्याआधी

रब्बीची ज्वारी गुडघ्याएवढी झाली की एकदा सकाळी, ऊन चढायच्या आत, रानात उकिडवं बसा आणि ताटाचा पोंगा हलकेच उकलून पाहा. आत दाटीवाटीनं बसलेले बारीक किडे दिसले, बोटांना चिकट लागलं, तर तो पोंग्यातील ढेकूण. रस पितो हे नुकसान आपल्याला ठाऊक असतं. पण मक्याच्या स्ट्राइप विषाणूचा वाहकही तोच. हा रोग भारतात ज्वारीवर असल्याची नोंद 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. पानावर बुडापासून फिकट पिवळे लांब पट्टे पडतात, ताट खुजं राहतं, कणीस पोटरीतच अडकतं किंवा धरतच नाही.

पिवळं दिसलं की आपला हात युरियाच्या पोत्याकडे जातो. जरा थांबा. चुनखडीच्या रानात लोह कमी पडलं तर अख्खा पट्टाच पिवळा पडतो आणि हिराकस फवारल्यावर नवी पानं हिरवी येतात. विषाणूचं ताट हिरव्यागार ज्वारीत एकटंदुकटं उभं असतं. ते कशानंही बरं होत नाही. तसं औषध कुणी देऊ लागलं तर कृपा करून पैसे घालवू नका.

ते ताट उपटा, पण झटका न देता. झटका बसला की ढेकूण शेजारच्या ताटावर जातो, आणि विषाणू त्याच्या अंगातच वाढतो, अंड्यांतून पिल्लांतही उतरतो. गारव्यात उपटून तिथल्या तिथं पोत्यात घाला. जनावरांपुढे मात्र टाकू नका. या विषाणूनं गुरं आजारी पडत नाहीत, पण खुज्या, कोवळ्या ज्वारीनं किराळ लागते आणि धडधाकट गाय डोळ्यांदेखत जाते.

आता बांधाकडे या. ज्वारीसारख्याच पानांचा बरू तिथं वर्षानुवर्षं उभा असतो आणि ज्वारीच्या दुसऱ्या एका रोगाचे, मोझॅकचे, विषाणू सांभाळतो. मावा ते बरूवरून पिकात आणतो. त्याला सोंड टोचायला काही क्षण पुरतात. फवारलेलं औषध त्याला मारेपर्यंत रोग लागलेला असतो. म्हणून बरूच काढायला हवा, तोही विळ्यानं नाही, कुदळीनं, जमिनीतल्या कांड्यांसकट. सगळा बांध पेटवू नका, बाकीचं गवत माती धरून ठेवतं. सामाईक बांध असेल तर शेजाऱ्याशी आधी बोला आणि दोघं एकाच दिवशी खणायला जा.