मुलाच्या पोटगीचे देणे

व्यापारी घराण्यात देण्याची मुदत टळणे हा पेढीच्या नावाला बट्टा मानला जातो. मात्र न्यायालयाने ठरवून दिलेली मुलाची पोटगी थकली, तर ती घरगुती बाब म्हणून दुर्लक्षिली जाते. वस्तुतः तेही देणेच आहे.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने २०१५ मध्ये एका पित्यास पत्नीसाठी दरमहा १५ हजार रुपये आणि लहानग्या मुलासाठी प्रथम ५ हजार व पुढे १० हजार रुपये देण्याचा आदेश दिला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. इंदू मल्होत्रा व न्या. सुभाष रेड्डी यांनी त्यात देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. उभय पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी शपथपत्रावर जाहीर करावीत. थकबाकी दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे, जप्ती करूनही वसूल करता यावी.

१ जुलै २०२४ पासून पोटगीची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. सातपुड्यातील तोरणमाळसारख्या दूरच्या गावी राहणाऱ्या आईस त्यासाठी पतीच्या शहरी जावे लागत नाही. ती राहते त्या नंदुरबार जिल्ह्यातच अर्ज करता येतो. पिता अन्यत्र असल्यास तेथील दंडाधिकारीही आदेशाची अंमलबजावणी करू शकतात. हप्ता थकल्यास वसुलीचे वॉरंट निघते आणि तरीही रक्कम न भरल्यास एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो. कारावास भोगल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. मात्र या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

येथेच समाजातील ज्येष्ठांची जबाबदारी येते. समेटाच्या आशेने 'थोडे थांबा' असे सांगत वर्ष निघून जाते आणि बालकाचा हक्क दुबळा होतो. समेट अवश्य करावा, परंतु प्रथम थकबाकीचा हिशेब मागावा. पेढीचे उत्पन्न भावाच्या नावे दाखवून पोटगी कमी करून घेणे अचौर्य व्रतात बसत नाही. पर्युषणात चढाव्याची बोली लावणाऱ्या श्रावकाने आपल्या अपत्याची शाळेची फी भरली गेली आहे की नाही, हे आधी पाहावे.