तोंड एक, कामं तीन

बारावीचा निकाल लागला की बऱ्याच घरांत मुलामुलींसाठी लॅपटॉप घ्यायची बोलणी निघतात. त्यासाठीचा पैसा दुधाच्या बिलातून नाहीतर कांद्याच्या पट्टीतून बाजूला काढलेला असतो. तेव्हा दुकानाची पायरी चढण्याआधी एक लहानशी खाच नीट ओळखून घ्या. तिचं नाव यूएसबी-सी पोर्ट. लांबट, दोन्ही कडांना गोल. केबल उलटी घाला, सुलटी घाला, बसतेच. ही घडण २०१४ साली ठरली. नव्या मोबाईललाही हीच असते.

पण नळाचं तोंड दोन इंची आहे म्हणून विहिरीत पाणी किती, ते थोडंच कळतं? हे तोंड तीन कामं करू शकतं : लॅपटॉप चार्ज करणं, माहितीची ने-आण करणं आणि मोठ्या पडद्यावर चित्र दाखवणं. प्रत्येक पोर्ट तिन्ही करतोच असं नाही. एकाच लॅपटॉपच्या दोन पोर्टांतही फरक सापडतो. शेजारी खुणा असतात, पण त्या सगळ्या कंपन्या सारख्या छापत नाहीत. म्हणून मॉडेलचा नंबर घ्या आणि कंपनीच्या माहितीपत्रकात त्या पोर्टपुढे दोन शब्द शोधा. ‘पॉवर डिलिव्हरी’ म्हणजे चार्जिंग, ‘डिस्प्लेपोर्ट’ म्हणजे पडदा. चार्जिंगच्या बाबतीत, ते लॅपटॉपचंच होतं ना, की तो पोर्ट नुसता मोबाईलला वीज देतो, एवढं विचारून घ्या.

आता चार्जर. लॅपटॉपला ६५ वॅट लागत असतील आणि मोबाईलचा १८ वॅटचा चार्जर लावला, तर चार्जिंग मुंगीच्या पावलानं होईल, नाहीतर होणारच नाही. उलट १०० वॅटचा लावला तर लॅपटॉप जळेल, ही धास्ती पुष्कळांना असते. चार्जर चांगला असेल तर ती नको. आधी दोघांची आपसांत बोली होते. सुरुवात ५ व्होल्टनं, मग लॅपटॉप मागेल तेवढंच, फार तर २० व्होल्टपर्यंत.

केबलकडे मात्र कुणी बघत नाही! साधी केबल ६० वॅटपर्यंतच वीज नेते. जास्त लागत असेल तर १०० किंवा २४० वॅट लिहिलेली घ्या. शिवाय मोबाईलबरोबरच्या पुष्कळ केबली माहिती नेण्यात मंद असतात. लग्नाचा व्हिडिओ उतरवताना ते कळतं.

पोर्ट चार्जिंगचा असेल तर आणखी एक सोय होते. लॅपटॉपला लागतील तेवढे वॅट देणारी पॉवर बँक घरात असली, की वीज गेलेल्या रात्रीही पोरांचा अभ्यास चालू राहतो.