दोघांची एक वही

छात्राध्यापक आपल्या शाळेंत सराव पाठ घेण्यास येतात, हें आमच्या बालवाचकांस ठाऊकच आहे. पाठटाचण, रंगीत तक्ते, मागें बसून टिपणें घेणारे निरीक्षक आणि पाठ रंगूं लागतो न लागतो तोंच घंटा! मींही एके काळीं असे पाठ दिले. ते बरे वठले असें निरीक्षक म्हणाले. परंतु शेवटच्या बाकावरील एकाही मुलाचें नांव मला अखेरपर्यंत कळलें नाहीं, ही रुखरुख अद्याप गेलेली नाहीं.

२०१४ सालच्या नियमांन्वयें बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला व दुसऱ्या वर्षीं शाळेंतील अनुभवासाठीं सोळा आठवडे राखले गेले. वेळ वाढला, ओळख वाढली काय? माझें मत असें कीं, प्रत्येक छात्राध्यापकानें चार-पांच विद्यार्थ्यांशीं एकेक सामाईक वही ठेवावी. मुलानें आठवड्यांतून दोनदां मनास येईल तें लिहावें. त्याखालींच छात्राध्यापकानें उत्तर लिहून वही परत द्यावी.

कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें लेस्ली रीड या शिक्षिका सहावीच्या मुलांशीं अशा वह्यांतून रोज संवाद करीत. जाना स्टेटन व त्यांचे सहकारी यांनीं त्या वह्या बारकाईनें अभ्यासून १९८२ सालीं अहवाल लिहिला. रीडबाई लाल शाईनें चुका दाखवीत नसत. मुलाचें चुकलेलें वाक्य त्यांच्या उत्तरांत शुद्ध रूपानें सहज येई. समजा, आपल्याकडील एखाद्या मुलानें लिहिलें, "पानी आनाया गेलतो म्हनून उशीर झाला." खालीं उत्तर यावें, "पाणी आणायला तुला किती दूर जावें लागतें?" शुद्धलेखन तर झालेंच, पण मुलगा उशिरां कां येतो, हें त्यास शिक्षा करूं पाहणाऱ्यासही कळलें! शिकणारा येथें कोण, असा प्रश्न पडावा.

मुलांजवळ सांगण्यासारखें कांहीं नसतें, असें म्हणणाऱ्यांनीं मुक्ता साळवे हिचें स्मरण करावें. फुले यांच्या शाळेंतील या विद्यार्थिनीनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदया'नें छापला. तिचें म्हणणें ऐकून घेणारीं वडील माणसें तिला भेटलीं होतीं.

पालक विचारतील, "परीक्षेंत यास गुण किती?" एकही नाहीं, व नसावा. पालकांनीं ही वही मुलाच्या परवानगीवांचून उघडूं नये, इतकी विनंती मात्र आहे. तथापि संपूर्ण गुप्ततेचें वचन छात्राध्यापकानें कधींही देऊं नये. मुलास कोणाकडून इजा होत आहे असें दिसल्यास तें वरिष्ठांस कळविणें भागच आहे, आणि हें मुलास पहिल्याच दिवशीं सांगावें.

मला खरी भीति निराळीच वाटते. सोळा आठवडे संपतात, छात्राध्यापक निघून जातो, आणि मूल अर्धी कोरी वही हातांत धरून बसतें. असा विरह पदरीं बांधण्यापेक्षां वही न काढलेली बरी. म्हणून निरोपाची तारीख आधींच वहींत लिहावी, आणि मुलाची इच्छा असल्यास वर्गशिक्षकांनीं पुढें उत्तरें द्यावीं. वही मुलापाशींच राहावी. आपल्या कामाचा पुरावा म्हणून फाइलीस जोडून महाविद्यालयांत जमा करण्याची ती वस्तु नव्हे.