आळीचा कैवार

दाट, जुन्या वस्त्या मुळापासून उखडून रुंद रस्ते आणि सुट्या इमारती उभारल्याखेरीज शहराला आरोग्य लाभणार नाही, हे मत नगररचनेच्या दप्तरांत इतके रुळले आहे की त्याला पुरावा मागणेही उद्धटपणाचे वाटावे. या पूर्वपक्षाचे बळ मी नाकारीत नाही. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग कोंदट, अंधाऱ्या खोल्यांतून फोफावला, आणि त्याच भयातून १८९८ मध्ये तेथे अशा वस्त्या पाडून शहर सुधारू पाहणारा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. परंतु घर पाडले म्हणून घरातला माणूस नाहीसा होत नाही. पर्यायी निवारा वेळेवर न मिळालेले भाडेकरू, कामाच्या जागेपासून दूर जाणे परवडत नसल्यामुळे, शेजारच्याच चाळींत शिरले, आणि जी दाटी हटवण्यासाठी एवढा खटाटोप झाला ती एक गल्ली ओलांडून पुन्हा नांदू लागली. पाणी, उजेड आणि गटारे यांच्या अभावाचे पाप वस्तीच्या माथी मारले गेले, ते आजही पुरते उतरलेले नाही.

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी हे मर्म ओळखले होते. होळकर दरबारासाठी १९१८ साली त्यांनी इंदूरविषयी जो अहवाल सादर केला, त्यामागची रीत सरळ होती: प्रथम बोळाबोळांतून पायी हिंडावे, मोडकळीस आलेले एखादे घर काढून तेथे लहानसे पटांगण मोकळे करावे, झाड लावावे, डासांच्या धास्तीने तळी बुजवण्याऐवजी ती स्वच्छ राखावी. त्याच इंदुरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढविली, आणि जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्यांवरूनच ती जाईल, असे आधी जाहीर केले. मग काय विचारता! लोक आपापल्या आळीतील केरकचरा गाड्या भरभरून बाहेर काढू लागले, घरांना रंग चढू लागला, आणि मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची अवाढव्य प्रतिमा निघाली. जबरीच्या हुकुमाने जे क्वचितच साधले असते ते स्वाभिमानाने साधले.

ही रीत वेळखाऊ आहे, असा आक्षेप घेतला जातो. ती खरोखरच सावकाश चालते. पण सरळ रस्त्यासाठी घरांच्या रांगाच्या रांगा पाडून नुकसानभरपाई मोजण्यापेक्षा ती स्वस्त पडते, आणि तिच्यात शेजार मोडत नाही. म्हणून पुनर्विकासाची तजवीज घेऊन येणाऱ्याने इमारतीची उंची सांगण्यापूर्वी आळीतील प्रत्येक भाडेकरू, प्रत्येक विहीर, प्रत्येक झाड आणि मुलांची शाळेची वाट नकाशावर दाखवावी. त्या नकाशावर रहिवाशांची संमती पडेपर्यंत एकाही भिंतीला पहार लागू देऊ नये.