मोटार जळली म्हणून एचपी वाढवू नका



भात काढून झालं, मळण्या उरकल्या. आता आपल्या कोळवण खोऱ्यात हरभरा, गहू, कांदा, भाजीपाला यांना पाणी सुरू झालंय. आणि पाणी सुरू झालं की मोटारी जळायला सुरुवात होते. दरवर्षीचंच आहे. पण मोटार जळल्यावर आपण जे करतो त्यावर आज जरा कडक लिहिणार आहे. राग मानू नका.

पाचची जळली की साडेसातची आणायची, हे आता ठरूनच गेलंय. कारण विचारलं तर उत्तर एकच, "पाचची दमत होती." अरे, मोटार म्हणजे काय बैल आहे का दमायला? ती जळली का, हे कुणी बघितलं का? मोटारी जास्त करून जळतात त्या एक फेज गेल्यावर दोन फेजवर घुमत राहिल्याने, नाहीतर व्होल्टेज पडल्यावर करंट वाढून वाइंडिंग तापल्याने, नाहीतर कोरडी चालल्याने. यातलं एकही कारण एचपी वाढवून जात नाही. पाचची ज्या कारणाने गेली त्याच कारणाने साडेसातची जाणार, फक्त वाइंडिंगचं बिल मोठं येणार.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न, "किती एचपीची देऊ?" चढ किती, पाइप किती इंची, लांबी किती, हे विचारणारा दुकानदार मला आजवर एकच भेटला, आणि त्यानेही आता दुकान बंद केलं. दुकानदाराला तरी काय बोलायचं? तो विकायला बसलाय. आपण घ्यायला जाताना कागदावर काही लिहून नेतो का? बायकोच्या ब्लाउजला माप देतो आणि चाळीस वर्षं पाणी उपसणाऱ्याला मोटारीचं माप माहीत नाही.

माप घेणं अवघड नाही. मी दहावी पास माणूस आहे, मला जमतं. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी घ्यायची, दोघांनी नदीच्या पाण्यापासून वावराच्या बांधापर्यंत टप्प्याटप्प्याने जायचं, चढ मीटरमध्ये मिळतो. पाइपाची लांबी पावलांनी मोजली तरी चालते. आणि पाणी किती येतंय ते बघायला 200 लिटरचं बॅरल आणि हातातला मोबाइल पुरतो. बॅरल 40 सेकंदात भरलं तर सेकंदाला 5 लिटर.

आता हिशोब. समजा वावर नदीपासून 300 मीटर लांब आहे आणि चढ 14 मीटर. वाळकीच्या काठावर असं अंतर पुष्कळांचं आहे. सेकंदाला 5 लिटर पाणी पाहिजे. पाइप दोन इंची, म्हणजे 63 एमएमचा असेल तर नुसत्या घर्षणातच सुमारे 18 मीटर चढाएवढी ताकद जाते. म्हणजे मोटारीला 14 नाही, 32 मीटर पाणी चढवायचंय. तोच पाइप अडीच इंची, 75 एमएमचा घेतला तर घर्षण सुमारे 7 मीटरवर येतं. एकूण 21. फरक बघा केवढा! 11 मीटरचा डोंगर आपणच पाइपात उभा केलेला असतो.

लिटर गुणिले मीटर भागिले 75, हे झालं पाण्याला लागणारं एचपी. पंप साधारण निम्मी ताकद खातो असं धरून दुप्पट करा. 32 मीटरला सव्वाचार एचपी, म्हणजे पाचची मोटार. 21 मीटरला 2.8, म्हणजे तीनच्या मोटारीत काम भागतं.

आता तुम्ही म्हणाल, दादा, हिशोब कागदावर ठीक आहे, लाईट आठ तास, त्यातही मधे दोनदा जाते, कधी रात्रीची असते. तेवढ्यात पाणी ओढायचं तर मोठीच मोटार पाहिजे. हा मुद्दा खरा आहे. रात्री थंडीत बॅटरी घेऊन बांधावर मीही जातो. पण मोठी मोटार खरंच तेवढं पाणी देते का? त्याच दोन इंची पाइपाला पाचच्या जागी साडेसातची लावली तर ताकद दीडपट झाली, पाणी मात्र 5 लिटरचं जेमतेम 6 होतं. बाकीची ताकद पाइपाच्या भिंतीला घासून जाते. आणि पाचचीच ठेवून पाइप अडीच इंची केला, पंप त्या हेडला जुळणारा घेतला, तर 6 लिटरच्या थोडं वरच पाणी मिळतं. घाई असलेल्या माणसाने पैसा पाइपात घालावा. पाइप वाइंडिंगला न्यावा लागत नाही.

विहीरवाल्यांचं तर आणखी वेगळं. झरा जेवढं देईल तेवढंच पाणी. मोठ्या मोटारीने विहीर तासात तळाला जाते, मग मोटार हवा ओढत बसते, किंवा आपण बंद-चालू करत दिवस घालवतो. मोटारीने झरे वाढत नाहीत.

आणि हेडचं एक ध्यानात ठेवा. पाटीवर हेड छापलेलं असतं, अमुक ते अमुक मीटर. 40 मीटरचा पंप 15 मीटरला लावला तर तो जास्त पाणी फेकतो, जास्त करंट ओढतो आणि मोटार तापते. "जास्त हेडची घेतलेली बरी, कुठंही चालते" हे खोटं आहे. कोकणात होडीच्या मागच्या फळीला पेलेल तेवढंच इंजिन लावतात. मोठं टांगलं तर होडी मागून बसते. आपल्याकडे बसते ती डीपी.

आणि माझं खरं भांडण इथेच आहे. 63 केव्हीएच्या डीपीवर पाचच्या दहा मोटारी कशाबशा चालतात. साडेसातच्या केल्या तर सातच. आठव्याने बटण दाबलं की शेवटच्या खांबावरच्या माणसाची मोटार नुसती गुणगुणते. व्होल्टेज 400 च्या वर पाहिजे तिथे 330 मिळतं. मग तो म्हणतो माझी दमते, आणि तोही साडेसातची आणतो. असं करत करत सगळी लाइन मोठी होते, डीपी तेवढीच राहते, आणि ऐन कांद्याच्या पाण्याला ती जळते. मग नवीन डीपी येईस्तोवर सगळे मिळून वाट बघायची. ज्याने पहिल्यांदा मोटार वाढवली तो आपल्याबरोबरच वाट बघत बसलेला असतो.

कनेक्शन पाचचं मंजूर आणि पाण्यात साडेसातची, हेही सर्रास. 2024 च्या एप्रिलपासून साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाचं वीजबिल सरकार भरतंय, मार्च 2029 पर्यंत. योजनेला माझा विरोध नाही, लहान शेतकऱ्याला तिचा आधार आहे. पण बिल शून्य आलं म्हणून जास्तीचे एचपी टोचेनासे झालेत. "साडेसातपर्यंत माफ आहे, मग पाचची कशाला?" असं मला एका शहाण्याने तोंडावर विचारलं. बिल माफ झालं, तारेची जाडी वाढली का? उलट सौरपंपाच्या योजनेत बघा, अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5, त्यावर साडेसात. तिथे जमिनीकडे बघून मोटार देतात. एकर सव्वा एकर वावराला साडेसात एचपी लावणाऱ्याने हा तक्ता वाचावा.

मोटार घ्यायचीच असेल तर आयएसआय बघा, स्टार बघा, पाटीवरचं हेड आणि लिटर आपल्या कागदाशी ताडून बघा. जे पैसे वाचतील त्यात फेज गेल्यावर मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर आणि कपॅसिटर बसवा. आणि ते आटो! लाईट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, प्रत्येक मोटार सुरू होताना पाचसहापट करंट ओढते, आणि डीओ उडतो. आटो ठेवायचाच असेल तर टायमर लावा आणि शेजाऱ्याशी बोलून वेळ मागेपुढे ठेवा. एकाने एक मिनिट, दुसऱ्याने दोन, तिसऱ्याने तीन. याला पैसे लागत नाहीत, फक्त बांधावरून हाक मारावी लागते. आपल्याकडे तेच जड जातं.

ज्यांची मोटार या महिन्यात गेलीय त्यांनी खाली चढ, पाइपाची लांबी, पाइप किती इंची आणि वावर किती, एवढं लिहा. संध्याकाळी धारा काढून झाल्यावर हिशोब करून सांगतो. कुठल्या कंपनीची घेऊ ते मात्र विचारू नका.